हट्टी प्रोग्राम संगणकातून कसा काढावा

निकालपत्रके, हजेरीचे तक्ते व पाठांची टाचणे पुष्कळ शिक्षक आता घरच्या संगणकावरच तयार करतात. त्यातील एखादा प्रोग्राम बिघडतो. तो उघडत नाही आणि काढू गेल्यास निघतही नाही. अशा वेळी त्याचा फोल्डरच सरळ पुसून टाकण्याकडे कल असतो. बहुतेक घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

विंडोजमध्ये प्रोग्राम बसविला म्हणजे त्याच्या फाइली एका फोल्डरात जातात व त्याची नोंद रजिस्ट्री नावाच्या निराळ्या ठिकाणी होते. प्रोग्राम काढण्याचे साधन, म्हणजे अनइन्स्टॉलर, हे पुष्कळदा त्याच फोल्डरात असते. फोल्डर गेला की साधनही गेले. नोंद तेवढी उरते. मूल गाव सोडून गेले, परंतु दाखला न नेल्यामुळे जनरल रजिस्टरात नाव तसेच राहिले, त्यातलाच हा प्रकार होय.

यावरील उपाय वरकरणी उलटा वाटेल. प्रथम आपल्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. नंतर तोच प्रोग्राम, शक्यतो त्याच आवृत्तीचा, मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आणून पुन्हा बसवावा. हरवलेले साधन त्यामुळे परत येते. मग संगणक एकदा बंद करून चालू करावा व सेटिंग्जमधील ‘ॲप्स’च्या यादीतून प्रोग्राम रीतसर काढावा. अँटिव्हायरस मात्र स्वतःचे रक्षण करीत असल्याने सहजी निघत नाही; त्यासाठी बहुतेक निर्माते काढण्याचे स्वतंत्र साधन देतात, तेच वापरावे.

पुन्हा बसविण्याच्या रीतीला फ्लॅश प्लेअर हा अपवाद आहे. ॲडोबीने त्याचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी बंद केला व 12 जानेवारी 2021 पासून त्यातील आशय चालणेही रोखले. जुन्या पाठांच्या सीडी चालाव्यात म्हणून तो परक्या संकेतस्थळावरून आणणे धोक्याचे आहे.

दुरुस्तीच्या दुकानात कित्येकदा संपूर्ण विंडोजच नव्याने बसविण्याचा सल्ला मिळतो. प्रत घेतलेली नसेल, तर त्यात वर्षभराची निकालपत्रकेही जाऊ शकतात. प्रोग्राम गेला आणि यादीत नुसते नाव उरले, तर सहसा काही बिघडत नाही. तेवढ्यासाठी रजिस्ट्रीत हात घालू नये.