दुसरा हेडफोन

पालकसभेत हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, मोबाइल किती वेळ द्यायचा?" मूल अगदी लहान असेल तर उत्तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला तासाभराच्या वर जाऊ नये. कमी असेल तर उत्तमच. त्यात घासाघीस करू नका. घास भरवताना हातात मोबाइल दिला की मूल पटापट जेवतं, हे मलाही माहीत आहे. तरीही नको.

पण पाचवी-आठवीतल्या मुलांचे आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना विचारते, "तो बघतो काय? आणि तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं?" पहिल्याचं उत्तर येतं, "कसला तरी गेम असतो" किंवा "ती कोरियन मुलांची गाणी". दुसऱ्या प्रश्नावर आई बाबांकडे बघते, बाबा आईकडे. मला आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

तुमच्यापैकी अनेकांनी वॉकमन वापरला असेल. सोनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आणला. त्या निळ्या-चंदेरी यंत्राला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि यंत्रातल्या छोट्या माइकमुळे दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. असं का केलं, ते सोनीच्या अकिओ मोरितांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. नमुन्याचं यंत्र घरी आणून ते वेगवेगळी गाणी ऐकत बसले, आणि त्यांच्या पत्नीला आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. तेव्हा त्यांनी दोघांची सोय करायचं ठरवलं. चारचौघांत एकट्यानेच कानात गाणं लावून बसणं लोकांना शिष्टाचाराला सोडून वाटेल, अशी त्यांची समजूत होती. गिऱ्हाइकांना तसं काही वाटलं नाही. प्रत्येकाला आपापला वॉकमन हवा होता. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं, आणि यथावकाश दुसऱ्या हेडफोनची जागाही गेली.

ज्या माणसाने ही वस्तू बाजारात आणली, त्याच्या घरात ती पहिल्याच दिवशी कुणाला तरी खुपली होती. आज आपल्या घरात ती खुपत नाही. रात्री साडेनऊला चार माणसांच्या घरात चार पडदे चालू असतात आणि सगळ्यांचे कान आपापल्या आवाजाने भरलेले असतात. कुणी हसलं तर का हसलं, हे बाकी तिघांना कळत नाही.

एकच टीव्ही होता तेव्हाचं घर आठवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे 'चिमणराव' लागायचं तेव्हा शेजारपाजारचे सतरंजीवर येऊन बसायचे. १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ त्याच्याभोवती फिरू लागली. कार्यक्रम सगळेच चांगले होते असं मी म्हणणार नाही, रटाळही पुष्कळ होते. आणि तो एक टीव्ही सगळ्यांचा असला तरी घरातल्या सुनेच्या आवडीचं कधी लागत नसे, हेही विसरू नये. पण बघताना माणसं बोलत होती. "काय खोटं रडतेय", "असं कुठे असतं का", "हा नट पूर्वी नाटकात काम करायचा", "आता तो नक्की उलटणार बघ". आजी बोलायची, काका बोलायचे, अगदी धाकटंही मध्येच काहीतरी विचारायचं. समोर दिसणारं सगळं खरं मानायचं नसतं, जाहिरातीतला साबण काय वाटेल ते सांगू शकतो, खलनायकाचाही काही मुद्दा असू शकतो, हे मुलांना त्या बडबडीतून कळत होतं. कुणी मुद्दाम शिकवायला बसलेलं नव्हतं.

ती बडबड थांबली. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले, आणि ज्या घरांत मुलांच्या हाती फोन द्यायचा नाही असं ठरलं होतं तिथेही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही परत आला नाही. याचा दोष मी तुम्हाला देत नाही. त्या दोन वर्षांत तुम्ही जे केलंत त्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पण आता मुलांच्या शेजारी जाऊन बसता येईल. बसल्यावर काय होतं, ते दोन घरांत मी जवळून पाहिलंय.

पहिलं घर एका गवंडीकाम करणाऱ्या बाबांचं. मुलगा सहावीत, दिवसभर 'माइनक्राफ्ट' खेळतो म्हणून तक्रार. हा खेळ मूळचा स्वीडनचा, २०११ साली पूर्ण रूपात आला. त्यात मीटरभर लांबी-रुंदी-उंचीचे ठोकळे असतात आणि त्यांतून काय वाटेल ते बांधायचं. आपली मुलं दिवाळीत अंगणात किल्ला करतात ना, तसाच हा किल्ला. फक्त इथे माती लागत नाही आणि दिवाळी संपत नाही. मी त्या बाबांना म्हटलं, "तुम्ही बांधकामातले आहात. एकदा बसा आणि त्याचं काम तपासा." ते बसले. मुलाने रायगडाचा महादरवाजा बांधायला घेतला होता. दोन बुरुजांच्या मधोमध वळणावर लपलेलं ते गोमुखी दार त्याला हवं होतं, आणि ते काही जमत नव्हतं. बाबांनी भिंत बघितली आणि म्हणाले, "अरे, सगळे उभे सांधे एकावर एक आलेत. अशी भिंत तडकेल." मुलगा म्हणाला, "यात ठोकळा अर्धा सरकवताच येत नाही, बाबा." मग त्यांनी विचारलं, "खालचा ठोकळा काढलास तर वरचा पडत कसा नाही?" मुलाने सांगितलं, "यात फक्त वाळू आणि खडी अशा थोड्याच गोष्टी खाली पडतात, बाकीचं हवेत तसंच राहतं." बाबांना हे इतकं चमत्कारिक वाटलं की खऱ्या भिंतीत भार खाली कसा उतरतो, दारावर लिंटेल का टाकतात, कमानीत दगड एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे सगळं ते कागदावर काढून दाखवू लागले. बाबा रोज नेमकं करतात काय, हे त्या मुलाला त्या संध्याकाळी प्रथम कळलं, आणि त्यासाठी आधी बाबांना तो खेळ बघावा लागला. नंतर सुट्टीत तो त्यांच्याबरोबर साइटवर गेला. खेळ अजून चालू आहे, रात्री जेवणाआधी बंद होतो. त्यावरून आता फारशी कुरबुर होत नाही, असं मुलाच्या आई सांगतात.

दुसरं घर सातारा जिल्ह्यातलं. मुलगी नववीत, बीटीएस या कोरियन गायकांच्या गटाची चाहती. भिंतीवर त्यांची चित्रं, वहीच्या मागच्या पानावर कोरियन अक्षरं. आईला यात सगळंच परकं वाटायचं. "ही पोरं आहेत की पोरी, तेच कळत नाही" असं त्या लेकीसमोर एकदा म्हणाल्या आणि लेकीने बोलणंच बंद केलं. पालकहो, ही गोष्ट फार मनावर घ्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवडतं गाणं ही मुलांची सगळ्यात नाजूक जागा असते. तिथे चेष्टा झाली की मूल ती जागा तुमच्यापुरती बंद करतं. मग बाकीच्या जागाही हळूहळू बंद होतात. पुढे एकदा त्या आईंनी लेकीला बसवून विचारलं, "यातला तुझा आवडता कोण? त्याची गोष्ट सांग." तेव्हा कळलं की दक्षिण कोरियात तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे, आणि जगभर गाजलेले हे सात जणही त्यातून सुटले नाहीत. सर्वांत मोठा जिन २०२२च्या डिसेंबरात डोकं भादरून भरती झाला. सातही जणांची सेवा संपायला २०२५चा जून उजाडला. त्या आईंचा सख्खा भाऊ फौजेत आहे. मामा पहिल्यांदा सीमेवर गेला तेव्हा घरात काय झालं होतं, आजी दारात किती वेळ उभी होती, हे त्यांनी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. मुलीने विचारलं, "मामाला जायचं होतं, का जावं लागलं?" या प्रश्नावर घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. मामाला फोनही झाला.

आता एक गोष्ट मला कडक शब्दांत सांगायची आहे. मोबाइल ही एकच वस्तू समजू नका. त्यातला सिनेमा वेगळा, खेळ वेगळा, गाणं वेगळं, आणि एकामागोमाग एक अंगावर येणारे छोटे व्हिडिओ वेगळे. २०२०च्या जूनअखेर आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली. जुलैत रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. पान संपूच नये अशी रचना एझा रस्किन नावाच्या अमेरिकी माणसाने २००६च्या सुमारास केली होती, आणि त्याने पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. या व्हिडिओंवर माझा राग का, तर ते बघताना शेजारी बसून काहीच बोलता येत नाही. तुम्ही "हे खरं असेल का रे?" म्हणेपर्यंत पुढचे दोन येऊन गेलेले असतात. सिनेमात मध्यंतर असतं, मालिकेचा भाग संपतो, खेळातला डाव हरता येतो. इथे थांबायला जागाच ठेवलेली नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना हे बघू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यात मी तडजोड करत नाही. त्याऐवजी दोन तासांचा अख्खा सिनेमा बघू दिलात तरी माझी हरकत नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ती सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. भाग संपल्यावर जो क्षण मोकळा मिळतो, तो बोलण्यासाठी हवा असतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद राहतात. या उपक्रमातलं मला सर्वांत भावतं ते हे की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. तुमच्या घरातही नियम करायचाच असेल तर सगळ्यांसाठी एकच करा. रात्री सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत एकाच ठिकाणी चार्जिंगला लागू देत, बाबांचा ऑफिसचा फोनसुद्धा. मुलं नियम पाळतात, फक्त तो आपल्या एकट्यासाठी नाही एवढं त्यांना दिसायला हवं असतं.

आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांच्या आवडीची ठेवा. फोनवरचं मोठ्या टीव्हीवर लावता येतं, ते मुलांनाच येत असेल, त्यांना लावू द्या. काय बघायचं ते त्यांनी ठरवायचं. डोरेमॉन असेल, जपानी अॅनिमे असेल, कुणीतरी गेम खेळताना केलेला व्हिडिओ असेल. वयाला न शोभणारं असेल तर तसं सांगा आणि का ते सांगा, पण "काय हा फालतूपणा" असं म्हणू नका. बघताना तुमचा फोन हातात नको. काही कळलं नाही तर विचारा. मुलांना समजावून सांगायला फार आवडतं, आणि आपल्याला माहीत नसलेलं त्यांना माहीत आहे, हा मान त्यांना घरात क्वचितच मिळतो.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं कदाचित आधी नाहीच म्हणतील. त्यांच्या दारामागे लपून बघू नका, त्यांचे मेसेज चोरून वाचू नका. एवढ्याशा माहितीसाठी फार मोठा विश्वास जातो. "तुला नाही कळणार" असं म्हणाले तर म्हणा, "मग पहिल्या भागापासून दाखव." काही आठवडे लागतील. मध्ये परीक्षा येतील, पाहुणे येतील, एखादी संध्याकाळ भांडणात जाईल. तरी बसत राहा. आणि भाग संपल्यावर "यातून काय शिकलास?" असं मात्र विचारू नका. पुढच्या भागात काय होईल असं त्याला वाटतं, ते विचारा.