सुगंधी तेले : तण व बुरशी यांवरील उपयोग आणि मर्यादा

लवंग, ओवा, गवती चहा इत्यादी वनस्पतींपासून ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या तेलांत तण व बुरशी यांना मारक द्रव्ये असतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल व गवती चहाच्या तेलात सिट्रल हे मुख्य घटक होत.

ही द्रव्ये पानांतील पेशींची आवरणे फोडतात. रस झिरपून पान काही तासांतच सुकू लागते. मात्र तेल मुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून 2 ते 4 पानांवरील कोवळे, रुंद पानांचे तण मरते. परंतु हरळीच्या काश्या व लव्हाळ्याच्या गाठी जिवंत राहून पुन्हा फुटतात. अशा तणांसाठी तेलावर खर्च करू नये. त्या खणून वेचाव्यात.

तेल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे योग्य मिश्रकाशिवाय फवारा सारखा बसत नाही. फवारा पिकावर पडल्यास पीकही करपते. फवारताना डोळे व त्वचा जपावी.

थायमॉल व युजेनॉल यांनी भुईमुगावरील, अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करणाऱ्या बुरशीची वाढ रोखली जाते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. परंतु तेल उडून गेल्यावर परिणाम ओसरतो. साठवणीपूर्वी शेंगा नीट वाळविणे हाच मुख्य उपाय होय.

तेलाची मात्रा अधिक झाल्यास बियाण्याची उगवण घटते. यास्तव तेल लावलेले 100 व न लावलेले 100 दाणे ओल्या गोणपाटात वेगवेगळे ठेवून उगवण मोजावी. फरक दिसल्यास ते बियाण्यास लावू नये. ग्रामसेवकांनी ही चाचणी शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावी.