वाखाऊची सायकल सफर

तुम्हांला सायकल चालवायला आवडते ना? चला तर, आज आपण युरोपातील ऑस्ट्रिया देशात डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवरून फिरू या.

मेल्क आणि क्रेम्स या गावांमध्ये सुमारे ३५ किलोमीटर लांबीची एक दरी आहे. तिचे नाव वाखाऊ. घाई केलीत, तर हे अंतर तुम्ही तीन तासांत संपवाल. पण पुष्कळ प्रवासी येथे एक-दोन दिवस रमतात. का बरे?

आधी रस्ता पाहा. दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, तरी नदीकाठचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होड्या घोडे दोरांनी ओढत. त्या घोड्यांसाठी डॅन्यूबच्या काठाने वाटा केल्या होत्या. वाफेची जहाजे आली आणि घोड्यांचे काम संपले. त्या जुन्या वाटांवरून आज ठिकठिकाणी सायकली धावतात.

आता मान वर करा. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे दिसतात. या द्राक्षांपासून वाइन बनते. तोच येथील मोठा व्यवसाय आहे. प्रत्येक पायरीला दगडी भिंतीचा आधार आहे. तिच्यात चुना नाही की सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड! आपल्या कोकणात अशा भिंतीला गडगा म्हणतात. दगड दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. एखादी भिंत ढासळली, तर शेतकरी ती हातांनी पुन्हा रचतात.

वाटेत जर्दाळूच्या बागाही लागतात. जर्दाळू म्हणजे तुमची खुबानी. हा शब्द फार्सीतून मराठीत आला. 'जर्द' म्हणजे पिवळा, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

श्पिट्स गावी सायकलीसह नावेत चढा. या नावेला इंजिन नाही. ती नदीवर बांधलेल्या तारेच्या आधाराने, केवळ पाण्याच्या जोराने पलीकडे जाते.

१९७० च्या दशकात या दरीत वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याची योजना होती. वीज सर्वांनाच हवी असते. पण धरणामुळे वाहती नदी संथ झाली असती. दरीतील लोकांनी विरोध केला. अखेर ती योजना सोडून द्यावी लागली. पुढे २००० साली युनेस्कोने वाखाऊला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मित्रांनो, मोटारीतून जाणाऱ्याला ही दरी केवळ सुंदर दिसते. सायकलवरून सावकाश जाणाऱ्याला ती कोणी घडवली आणि कोणी जपली, हेही कळते. उद्या शाळेत येताना तुम्हीही जरा सावकाश या. तुमच्या रोजच्या वाटेवर काय काय दिसते, ते पाहा.

शब्दार्थ
उतार – खाली जाणारी जमीन
ढासळणे – कोसळणे
संथ – हळू वाहणारा
वारसा – पूर्वजांकडून मिळालेली ठेव

स्वाध्याय
१. नदीकाठच्या वाटा पूर्वी कशासाठी केल्या होत्या?
२. दगडी भिंतींचे दोन उपयोग लिहा.
३. धरण झाले असते, तर श्पिट्सच्या नावेवर काय परिणाम झाला असता? विचार करून सांगा.