पावसाळ्यात माहूरचा डोंगर चढावा का?

प्रश्न : ऑगस्टमध्ये माहूरला पायवाटेने डोंगर चढायचा विचार आहे. घरचे म्हणतात, चिखलात फसाल, दिवाळीनंतर जा. काय करावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : घरच्यांची भीती खरी आहे, पण ती पायथ्याची, डोंगराची नव्हे. इथला खडक बेसॉल्टचा. तो झिजून झालेली बारीक चिकणमाती पाण्याबरोबर खाली वाहते आणि सखल भागात साठते. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं. म्हणूनच शेतवाटेवर चार पावलांत बुटांना मातीचे गोळे चिकटतात आणि पाय उचलवत नाही. उतारावर मात्र मातीचा थर पातळ, खाली मुरूम. पाणी फार वेळ थांबत नाही. अपवाद सपाट माथ्याचा. तिथल्या खोलगट जागी गवताखाली दलदल होते. आधी काठी टेकवून पाहा. रुतली, तर कडेच्या खडकावरून जा.

दिवाळीनंतर वाट कोरडी असते, हे मान्य. पण पावसाने धूळ धुऊन काढलेली हवा तेव्हा मिळत नाही, आणि पैनगंगेचं हिरवं खोरं दूरवर पाहायचं तर तीच हवी. विजांचा आक्षेप मात्र बिनतोड आहे. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं दगावतात. तेव्हा दोन-तीन दिवसांची उघडीप बघून पहाटे निघा, दुपारच्या आत उतरा. गडगडाट ऐकू आला तर माथा लगेच सोडा आणि झाडाखाली मुळीच थांबू नका.