ईव्हीचा ब्रेक मास्टर सिलिंडर बदलताना: रीजनच्या भरवशावर गाडी परत देऊ नका

व्हिडिओत तुम्ही हातांचं काम पाहिलंत. इथे त्याचा क्रम लिहून देतो, म्हणजे गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल. पण आधी माझी एक चूक सांगतो.

एक गिऱ्हाईक ईव्ही घेऊन आलं. तक्रार होती, "पेडल कधीकधी खोल जातं." मी गावात दोन किलोमीटर चक्कर मारली, गाडी झकास थांबली. ब्रेक ऑईल थोडं कमी होतं, ते टॉप-अप केलं, बिल केलं आणि गाडी दिली. चार दिवसांनी ते कुटुंब महाबळेश्वरला गेलं. रात्री गाडी फुल चार्ज केली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला लागले. एका वळणावर पेडल हळूहळू खालीच जायला लागलं. त्यांनी दोन-तीनदा पंप मारून गाडी कडेला घेतली, म्हणून निभावलं. फोनवर ते चिडले नव्हते, घाबरले होते. गाडीत त्यांची आई होती. आधीच्या बिलाचे पैसे मी परत केले.

माझं चुकलं कुठे? गावात गाडी थांबवत होती ती मोटर. पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालते, गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरी चार्ज करते. यालाच आपण रीजन म्हणतो. बॅटरी फुल असली की तिच्यात करंट घ्यायला जागा नसते, त्यामुळे रीजन कमी होतं किंवा बंद होतं. मग सगळा भार ऑईलच्या ब्रेकवर येतो. म्हणजे अर्धा गेलेला मास्टर सिलिंडर ईव्हीत महिनोन् महिने लपून राहू शकतो.

१. आधी दोष पक्का करा

गाडी उभी, रेडी मोडमध्ये. पेडल हलक्या पायानं दाबून मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि चारही चाकं, पाईप, जॉइंट कुठेच ओल नसेल, तर आतले सील ऑईल मागे सोडताहेत. जोरात दाबल्यावर हाच दोष कधीकधी दिसत नाही, म्हणून हलकाच दाब द्या. बाहेर लीक नाही, तरी ऑईल कमी होतंय? मग सिलिंडर आणि बूस्टरच्या मध्ये बघा. मागचा सील गेला की ऑईल बूस्टरमध्ये उतरतं.

२. गाडीत कुठली सिस्टिम आहे ते ओळखा

ईव्हीला इंजिन नाही, म्हणजे इंजिनचा व्हॅक्यूमही नाही. म्हणून तीन प्रकार दिसतात. पहिला: जुनाच व्हॅक्यूम बूस्टर, पण व्हॅक्यूम तयार करायला इलेक्ट्रिक पंप. दुसरा: मोटरवर चालणारा बूस्टर, त्याला पुढे मास्टर सिलिंडर बोल्टनं लावलेला. तिसरा: सिलिंडर, बूस्टर आणि एबीएस सगळं एकाच डब्यात. तिसऱ्या प्रकारात पेडल पायाला जे जाणवतं ते कृत्रिम असतं, त्यामुळे वरची पेडल-टेस्ट तिथे चालत नाही आणि बहुतेक वेळा पूर्ण युनिटच बदलावं लागतं. म्हणून गाडी खोलायच्या आधी चासी नंबर देऊन पार्ट सुटा मिळतो का ते विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, कंपनीकडे पाठवा. एक काम गेलं तरी चालेल, गिऱ्हाईक तुमचंच राहतं.

३. सेफ्टी

गाडी बंद, चावी दूरच्या ड्रॉवरमध्ये. मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, मग १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे विसरू नका. काही गाड्यांत नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचं युनिट जागं होतं आणि प्रेशर तयार करतं. नारिंगी केबल वाटेत येत असेल तर काम थांबवा. ज्यानं हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलंय, त्यानंच पुढे जायचं.

४. बदलण्याचा क्रम

- पेंटवर ओलं फडकं टाका, ब्रेक ऑईल रंग खातं.
- टाकीतलं जुनं ऑईल सिरिंजनं ओढून घ्या, लेव्हल सेन्सरचा सॉकेट काढा.
- पाईपचे नट फ्लेअर नट पान्यानंच सोडा. साध्या पान्यानं कोपरे गोल होतात, आणि मग पाईपचा खर्च तुमच्या खिशातून.
- दोन नट काढून सिलिंडर सरळ बाहेर ओढा. मधली रबरी रिंग नवीन घाला.
- नवा सिलिंडर व्हाइसमध्ये कानाला धरून पकडा आणि बसवण्याआधीच त्यातली एअर काढा. दांडा हळू दाबा, बुडबुडे थांबेपर्यंत.
- पाईपचे नट आधी हातानं लावा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर घट्ट करा.
- ऑईल झाकणावर लिहिलेलंच, आणि सीलबंद डब्यातलं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ईव्हीत पॅड कमी झिजतात म्हणून ऑईल बदलायचं राहून जातं, पण ते पाणी शोषतच असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात ओतायचं नाही.
- चाकांची एअर मॅन्युअलच्या क्रमानं काढा. जिथे स्कॅनरनं ब्लीडिंग सांगितलंय, तिथे स्कॅनर लावाच. नुसत्या पंपिंगनं एबीएसमधली एअर निघत नाही.

५. गाडी द्यायच्या आधी

कोड क्लिअर करा, पेडल पुन्हा मिनिटभर धरा, जॉइंट पुसून बघा. मग मोकळ्या जागेत, अगदी कमी वेगात, न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक मारा. न्यूट्रलमध्ये बहुतेक ईव्हीत रीजन नसतं, त्यामुळे तुमच्या कामाचा खरा निकाल तिथेच कळतो. रहदारीत हा प्रयोग नको.

६. बिल

आपली पोरं इथेच मार खातात. समजा तुमचा तासाचा दर ६०० रुपये आणि काम ४ तासांचं, तर मजुरी २४००. तपासणी वेगळी लिहा, समजा ५००. स्कॅनर, ऑईल आणि पार्ट यांच्या ओळी वेगळ्या. "तपासणी फुकट" म्हटलं की आपण तपासणी घाईत उरकतो. माझी ती दोन किलोमीटरची चक्कर फुकटच होती.

जॉब कार्डवर एक ओळ छापून घ्या: "रीजनशिवाय ब्रेक टेस्ट केली", आणि खाली ज्यानं केली त्याची सही. माझ्याकडे ही सही झाल्याशिवाय चावी काउंटरवर येत नाही. उद्या तुमचं जॉब कार्ड काढा आणि ही ओळ कुठे बसते ते बघा.