आधी खोकं की आधी आवाज?

भाची : मामा, मॉड्युलर सिंथचं एकदाचं ठरवलंय. दोन ओळींची मोठी केस मागवते, म्हणजे पुन्हा पुन्हा खर्च नको.

मामा : त्यात बसवणार काय?

भाची : ते हळूहळू बघेन.

मामा : मग केसचंही हळूहळूच बघ. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरत सुटतो आणि शेवटी वाजवायचं काय तेच विसरतो. तुला वाजवायचंय काय?

भाची : भजनात मी पेटी वाजवते ना, तिच्याखाली अखंड खर्ज हवाय. तानपुऱ्यासारखा, पण हळूहळू रंग बदलणारा. आणि आपणहून चालणारा एखादा ठेका.

मामा : झाली की यादी. खर्जाला दोन ऑसिलेटर, एक षड्जाला, एक पंचमाला. रंग बदलायला फिल्टर आणि तो संथपणे फिरवायला एलएफओ. आवाज कमीजास्त करायला व्हीसीए, त्याला चालवायला एन्व्हलप. ठेक्याला छोटा सिक्वेन्सर, मग मिक्सर, आणि स्पीकरकडे जाण्यासाठी आउटपुट. आता प्रत्येकाची रुंदी लिही.

भाची : एचपीमध्ये ना? हे एचपी म्हणजे नेमकं किती?

मामा : 5.08 मिलिमीटर, इंचाचा पाचवा भाग. आपण घेतोय ते युरोरॅक मापाचं मॉड्युलर, त्याची उंची ठरलेली असते, तीन युनिट. मॉड्यूलची पुढची पट्टी 128.5 मिलिमीटर. रुंदी तेवढी प्रत्येकाची निराळी. 84 एचपीची ओळ साधारण 427 मिलिमीटर भरते, 104ची 528. जर्मनीतल्या डीटर डोएफर यांनी 1990च्या दशकाच्या मध्यावर आपली ए-100 मालिका काढली तेव्हा ही मापं इलेक्ट्रॉनिक्सच्या रॅकमधून घेतली. पुढे इतरांनी तीच धरली, म्हणून आज कुठल्याही कंपनीचं मॉड्यूल कुणाच्याही शेजारी बसतं.

भाची : त्याआधी नव्हतं बसत?

मामा : मूग कंपनीच्या मॉड्युलरची उंची पाच युनिट. आपल्याकडे पहिलं मोठं यंत्र तेच आलं. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग आणि टेप रेकॉर्डर लावून स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा अशांनी तिथे काम केलं. त्या फिती बरीच वर्षं पडून होत्या. 2023 मध्ये त्यांतलं निवडक संगीत रेकॉर्डवर आलं. केस विकत घेण्याआधी ते ऐक, असं मी सांगेन. थोडक्या साधनांत माणसं किती वेळ रमतात ते कळेल.

भाची : माझी बेरीज 74 एचपी येतेय.

मामा : म्हणजे 84ची एक ओळ पुरते, पण ती घट्ट होईल. 104ची एक ओळ घे. 30 एचपी उरतील, एखादा डिले किंवा रिव्हर्ब नंतर येईल. दोन ओळी नकोत. उरलेल्या फटी कोऱ्या पट्ट्यांनी बंद कर. नाहीतर आपल्या दिघीत झुरळं आणि मुंग्या तुझ्याआधी मॉड्युलर शिकतील.

भाची : क्वांटायझर नाही धरला यादीत. सूर बरोबर कसे लागणार?

मामा : कानाने. बहुतेक ऑसिलेटर एका सप्तकाला एक व्होल्ट असे चालतात. क्वांटायझर ते सप्तक बारा सारख्या भागांत कापतो, त्यातला पंचम 583 मिलिव्होल्टवर येतो. तानपुऱ्यातला शुद्ध पंचम 585च्या जवळ. फरक जेमतेम दोन मिलिव्होल्टचा, पण दोन्ही स्वर एकत्र अखंड वाजताना आवाज हेलकावे खायला लागतो. पट्टीवरचं बटण फिरवून पंचम जुळव आणि त्या मॉड्यूलचे पैसे वाचव. फक्त यंत्र चालू केल्यावर अर्धा तास तापू दे, ॲनालॉग ऑसिलेटर गरम होईतो सूर सरकवत राहतो.

भाची : मग केस ठरली.

मामा : अजून कुठे? आता वीज. मॉड्यूलना धन 12, ऋण 12 आणि काहींना 5 व्होल्ट लागतात. प्रत्येकाचा करंट त्याच्या माहितीपत्रकात मिलिअँपिअरमध्ये दिलेला असतो. तिन्ही रांगांची बेरीज वेगवेगळी कर. समज, धन 12ची 470 आली, तर पाचशेचा पुरवठा घेऊ नकोस, एक अँपिअरचा घे. डिजिटल मॉड्यूल चालू होताना क्षणभर जास्त ओढतं. पुरवठा कमी पडला तर सगळंच अडतं, आणि तुला वाटेल सिक्वेन्सर खराब निघाला. वीज बाहेरच्या अडॅप्टरवरून आत येऊ दे. घरी बनवलेल्या लाकडी खोक्यात, त्यातून इथल्या दमट हवेत, 230 व्होल्ट मला नकोत.

भाची : घरी बनवलेल्या? मी तर परदेशातून मागवणार होते.

मामा : रिकामं खोकं परदेशातून आणायला भाडं आणि कस्टम ड्युटी भरायची? रेल आणि वीजपुरवठा मागव, खोकं आपल्या सुताराकडून करून घे. ओलं लाकूड नको, पावसाळ्यात ते वाकलं की रेल समांतर राहत नाहीत. मरीन प्लायवूड बरं. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंच्या छिद्रांतलं अंतर 122.5 मिलिमीटर, ते सुताराला लिहून दे. आणि खोली विसरू नकोस. मॉड्यूलच्या मागे चपट्या केबलचा कनेक्टर लागतो, त्यालाही जागा हवी. आतून 75 मिलिमीटर ठेवलंस तर बहुतेक सगळं बसेल.

भाची : मला ते फेरीबोटीतून आगरदांड्याला न्यावं लागेल, पुढे मुरूडला. खाडीचा वारा अंगावरच येतो.

मामा : मग झाकण हवंच, आणि वायरी लावलेल्या असतानाही बंद होईल इतकं उंच. साडेतीन मिलिमीटरचे ते शेकडो जॅक खाऱ्या हवेत गंजतात आणि आवाज खरखरायला लागतो. स्क्रू स्टेनलेसचे घे. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, त्या अधूनमधून बदल. प्लास्टिकमध्ये गुंडाळून मात्र ठेवू नकोस, आतली ओल आतच कोंडते.

भाची : सगळं आल्यावर आधी काय जोडू?

मामा : काहीच नाही. रिकाम्या केसला वीज दे, मल्टिमीटरने धन 12 आणि ऋण 12 तपास. मग बंद करून एक मॉड्यूल लाव. केबलची लाल कड ऋण 12च्या बाजूला. ते चाललं की पुन्हा बंद करून पुढचं. सगळी एकदम लावलीस आणि धूर निघाला, तर कुणाचा ते कळणार नाही.

भाची : आणि सुताराला माप मी देऊ की तू?

मामा : तूच दे. पण जाताना एक कोरी पट्टी बरोबर ने, नुसत्या आकड्यावर तो सुतासुताने घोळ घालेल.