‘ब्रेक’ : तुटलं, फुटलं की मोडलं?

एक वाक्य भाषांतराला घ्या : ‘शी ब्रोक द न्यूज टू हिज मदर.’ मुलगा अपघातात गेलाय आणि ती त्याच्या आईला सांगायला आलीय. सरावाच्या वहीत हमखास सापडणारं उत्तर : ‘तिने बातमी फोडली.’ झालं! धीर द्यायला आलेली बाई एका शब्दात चुगलखोर ठरली.

असं का होतं? ‘ब्रेक’चा मूळ अर्थ अखंड वस्तूचे तुकडे होणे किंवा करणे. इंग्रजीत दोरी, कप, काठी तिघांनाही तो चालतो. मराठीत दोरी तुटते, कप फुटतो, काठी मोडते. अदलाबदल केली तर शेंबडं पोरही हसेल. बेळगावकडच्यांनी कानडी मित्रांना विचारावं, तिकडेही काठीला ‘मुरि’, मडक्याला ‘ओडे’, दोरीला ‘हरि’ अशी वेगळी क्रियापदं आहेत.

गंमत म्हणजे लाक्षणिक अर्थातही आपण ही वाटणी बरीचशी पाळतो. दोन टोकं जोडणारं तुटतं : नातं, संबंध, संपर्क. पोटात काही धरून ठेवणारं फुटतं : गुपित, परीक्षेचा पेपर, राजकीय पक्षसुद्धा. ताठ उभं असलेलं मोडतं : नियम, वचन, महागाईने कंबर. शंभराची नोटही आपण मोडतो, आणि तिथे इंग्रजीतही ‘ब्रेक’च येतं. तेव्हा ‘ब्रेक’ दिसला की आधी काय ‘ब्रेक’ झालं ते बघायचं. वयात येणाऱ्या मुलाचा ‘व्हॉइस ब्रेक’ झाला तर आवाज फुटला. ‘डे ब्रोक’ म्हणजे उजाडलं. खेड्यात अजून ‘तांबडं फुटलं’ म्हणतात, ते मला जास्त आवडतं.

(गाडीचा ब्रेक यात आणू नका. देवनागरीत सारखा दिसला तरी त्याचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, शब्दही वेगळा.)

सगळीकडे मात्र ही वाटणी पुरत नाही. ‘ब्रेकफास्ट’मधला ‘फास्ट’ म्हणजे उपवास, रात्रभराचा. आपल्याकडे उपास वेळ झाली की सोडतात. मध्येच चुकून बिस्कीट खाल्लं तर मोडतो. इंग्रजी दोन्हीकडे ‘ब्रेक’ म्हणून मोकळी होते. मराठीत निवड तुम्हालाच करावी लागते, आणि ती चुकली की अर्थ उलटतो.

आता त्या आईकडे परत जाऊ. ‘ब्रेक द न्यूज’मध्ये वाईट बातमी जपून सांगणं असतं. इथे तुटणं, फुटणं, मोडणं यांतलं काहीच नको. ‘तिने ती बातमी हळूच त्याच्या आईच्या कानावर घातली.’